एका कागदाच्या दोन तारखा: ७ जून १७७२ की २८ मे १७७३?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पणजोबांच्या पेटीत एक मोडी कागद सापडला. गावच्या देवाच्या दिवाबत्तीसाठी जमीन इनाम दिल्याचा तो कागद आहे आणि शेवटी तारीख आहे, ‘छ ६ रबिलावल, सु॥ सलास सबैन मया व अलफ’. तुम्ही तो दोन जाणकारांना दाखवलात. एकाने ७ जून १७७२ सांगितली, दुसऱ्याने २८ मे १७७३. तुम्ही विचारताय की दोघांपैकी चुकलं कोण? आणि एका कागदाच्या तारखेवर एकमत होत नसेल, तर इतिहासाच्या पुस्तकांतल्या तारखांवर विसंबायचं कशाच्या जोरावर?

गणित दोघांचंही बरोबर आहे. मी ते पुन्हा करून पाहिलं. तुमचा कागद वर्षातल्या अशा थोड्या दिवसांपैकी एकावर लिहिला गेलाय, की त्याची तारीख दोन वेगवेगळ्या दिवसांना लागू पडते. हे क्वचित होतं, पण का होतं ते एकदा कळलं की जुन्या तारखा ठरवण्याचं सगळं काम कसं चालतं ते समजतं. म्हणून जरा सावकाश सांगतो.

तारखेत दोन भाग आहेत. ‘छ’ म्हणजे चंद्र, ‘छ ६ रबिलावल’ म्हणजे रबिलावल महिन्याचा सहावा चंद्र. हा हिजरी महिना, शुद्ध चांद्र. पुढचा ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. त्यालाच अरबी सन म्हणतात आणि मृगसालही म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे वर्ष सुरू होतं. आकडे अरबी शब्दांत, आणि एकं आधी, मग दहं, मग शेकडा, मग हजार. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११७३. यात ६०० मिळवले की इसवी सन येतो, पण मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे. तुमचं ११७३ साल जून १७७२ च्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं आणि जून १७७३ च्या पहिल्या आठवड्यात संपलं.

दिवस आणि महिना चंद्राच्या हिशेबाचा, वर्ष मात्र सूर्याच्या हिशेबाचं. अडचण इथेच आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे त्याचे महिने ऋतूंच्या मागे सरकत जातात. शेतसारा पिकावर बसतो, पीक पावसावर येतं, म्हणून महसुलाला सूर्याचं वर्ष लागतं. चौदाव्या शतकात मुहंमद तुघलकाच्या काळात हिजरी सनाचाच आकडा घेऊन हा सौर सन सुरू झाला असं मानतात, आणि दख्खनच्या दफ्तरांत तो पेशवाई संपेपर्यंत टिकला. आता ३६५ दिवसांच्या वर्षात ३५४ दिवसांचं चक्र बसवलं की अकरा दिवस उरतात. मृगसालाच्या पहिल्या अकरा दिवसांत ज्या चंद्रतारखा पडतात, त्याच तारखा वर्षाच्या शेवटच्या अकरा दिवसांत पुन्हा येतात. तुमचा ६ रबिलावल पहिल्यांदा आला ७ जून १७७२ ला, साल लागून दोन-तीन दिवसच झाले होते. तोच पुन्हा आला २८ मे १७७३ ला, साल संपायला आठवडाभर असताना. दोन्ही दिवस ११७३ मध्येच मोडतात. एका जाणकाराने जंत्रीचं, म्हणजे जुन्या आणि इंग्रजी तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकाचं, पहिलं पान पाहिलं, दुसऱ्याने शेवटचं.

कागद लिहिणाऱ्या कारकुनाला ही अडचण कधीच आली नसेल. आपण कोणत्या उन्हाळ्यात बसलोय हे त्याला ठाऊक होतं, आणि कागद ज्याच्या हातात जाणार त्यालाही.

मग निवड कशी करायची? कागद मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्यावर आणखी काय काय आहे यावर अवलंबून आहे. मी स्वतः ज्या क्रमाने जाईन तो सांगतो.

सर्वांत आधी वाचन तपासा. ‘रबिलावल’ आणि ‘रबिलाखर’ यांत घाईच्या मोडीत फरक राहतो तो शेवटच्या ‘वल’ आणि ‘खर’ एवढाच, आणि तिथेच नेमकी घडी पडलेली असते किंवा शाई फिकी झालेली असते. तुमच्या कागदावर खरोखर रबिलाखर असेल तर वादच मिटतो. ६ रबिलाखर त्या सालात एकदाच येतो, ७ जुलै १७७२ च्या सुमारास. आकड्यांच्या शब्दांतही असंच आहे. सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. सीत म्हणजे सहा, सितैन म्हणजे साठ. सबैनऐवजी सितैन वाचलं गेलं तर कागद दहा वर्षं मागे जातो. गणितात चुकण्यापेक्षा वाचनात चुकण्याची भीती कितीतरी जास्त. माझ्याकडे तारखेचा वाद घेऊन माणसं येतात तेव्हा मी जंत्री नंतर उघडतो, आधी भिंग घेतो.

वाचन पक्कं असेल तर शिक्का पाहा. इथे तुमचं नशीब थोर आहे. तुमच्या दोन तारखांच्या मधल्या काळात पेशवा बदललाय. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला, कार्तिक वद्य अष्टमीला, थेऊर इथे वारले. त्यांच्यामागे धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. म्हणजे जून १७७२ चा हुजूरचा, म्हणजे थेट पेशव्यांच्या दफ्तरातून निघालेला कागद असेल तर शिक्क्यात ‘माधवराव बल्लाळ’ हवं, मे १७७३ चा असेल तर ‘नारायणराव बल्लाळ’. दोघेही नानासाहेबांचे, म्हणजे बाळाजी बाजीरावांचे मुलगे, त्यामुळे ‘बल्लाळ’, म्हणजे वडिलांचं बाळाजी हे नाव, दोघांच्याही नावापुढे येतं. तेवढंच वाचून निष्कर्ष काढू नका. त्याच्या आधीचं नाव लागलं पाहिजे, ते पुसट असेल तर निदान त्याचं पहिलं अक्षर.

शिक्का नसेल तर मजकुरात वार आहे का पाहा. ७ जून १७७२ ला रविवार होता, २८ मे १७७३ ला शुक्रवार. शके किंवा संवत्सर दिलं असेल तर उत्तमच. दोन्ही दिवस ज्येष्ठ शुद्ध पक्षातलेच आहेत, पण पहिला शके १६९४ मधला, नंदन संवत्सरातला, दुसरा शके १६९५ मधला, विजय संवत्सरातला. संवत्सर पडताळायला सोपी रीत आहे: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तितकावं संवत्सर, प्रभवापासून मोजून. १६९४ अधिक १२ म्हणजे १७०६, बाकी २६, सव्विसावं संवत्सर नंदन. फसली सन, म्हणजे महसुलाचाच दुसरा एक सन, असेल तर मात्र या वादात काही उपयोग नाही. तो सुहूर सनापेक्षा नऊने पुढे असतो आणि त्याच्याबरोबरच बदलतो, दोन्ही दिवशी ११८२ च येईल.

यातलं काहीच नसेल तर मजकुरातली माणसं. कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारा अधिकारी कोण, पाटील कोण, इनाम घेणारा कोण. त्यांची नावं दुसऱ्या तारीखवार कागदांत सापडली तर दोन्ही दिवसांपैकी एक बाद होऊ शकतो. हे काम वेळखाऊ आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडून बसावं लागतं, आणि आठवडाभर बसूनही हाती काही लागेल याची हमी देता येत नाही.

आणखी एक गोष्ट तपासाच. कागद मूळ आहे की नक्कल? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातल्या इनामदारांकडे पुरावे मागितले. तेव्हा घरोघरचे जुने कागद बाहेर निघाले, त्यांच्या नकला झाल्या, आणि काही ठिकाणी नसलेले कागद तयारही झाले. नकलेत शिक्क्याच्या जागी नुसतं ‘शिक्का’ असं लिहिलेलं असतं, तारीख उतरवताना एखादा शब्द गळू शकतो. तुमच्या कागदाला मी खोटा म्हणत नाहीये. पण त्यावर घरची जमीन अवलंबून होती, आणि जिथे जमीन अवलंबून असते तिथे तारीख दोनदा तपासायची, हा माझा नेम आहे.

या सगळ्यातून एक दिवस ठरला, तरी मी तो लिहिताना ‘एखादा दिवस मागेपुढे’ असं जोडेन. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो. पश्चिमेला ढग असले तर एका गावात महिना एक दिवस उशिरा लागतो, आणि ही तर मृगाच्या तोंडाची तारीख, आभाळ भरून येण्याचे दिवस. जंत्री गणिताने बनते, तिला ढग माहीत नसतात. ढोबळ पडताळा म्हणून एवढं लक्षात ठेवा की चंद्रतारीख आपल्या तिथीपेक्षा एकाने, कधी दोनाने मागे असते, कारण तिथी अमावास्येपासून मोजतात आणि चंद्र कोर दिसल्यापासून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, विश्वासाचा. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जुनी तारीख हातात आली की मी आधी विचारतो, हे घड्याळ कोणाचं? शिवराज्याभिषेकाचंच पाहा. शाळेच्या पुस्तकात ६ जून १६७४. तिथीने पाळणारे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणतात. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार नोंदींत, मात्र ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद आहे. ६ जूनला तर शनिवार होता. पहिल्यांदा वाचताना मीही अडखळलो होतो. पण नोंदीत पुढे आहे की तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. सूर्योदयाच्या सव्वा तास आधीची वेळ त्यांच्या लेखी शनिवार, ६ जून, आणि आपल्या लेखी अजून शुक्रवारच. नोंदी वेगळ्या दिसतात, क्षण एकच आहे. आणि हीच घटना गोव्याच्या पोर्तुगिजांनी १६ जूनला घातली असती. पोर्तुगालने १५८२ मध्येच पोप ग्रेगरीची सुधारलेली दिनदर्शिका घेतली होती. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत घेतली नाही. शिवकाळात त्या दोघांत दहा दिवसांचं अंतर आहे. मुंबईच्या इंग्रजांचं पत्र आणि गोव्याचं पत्र शेजारी ठेवून ‘बातमी निघायच्या आधीच पोचली’ असा चमत्कार काढणारे लेख मी वाचलेत. चमत्कार नाही, दहा दिवस वजा करायचे राहिलेत.

इंग्रजांचं वर्षही १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे शिवरायांची सुरतेवरची पहिली स्वारी आपल्या हिशेबाने जानेवारी १६६४ मधली असली, तरी सुरतकर इंग्रजांच्या लेखी तेव्हा अजून १६६३ च चालू होतं. उत्तरेकडचं पत्र असेल तर वद्य पक्षाकडे लक्ष द्यावं लागतं. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला, म्हणून आपला फाल्गुन वद्य तो त्यांचा चैत्र वद्य. राज्याभिषेक शक तर गुढीपाडव्याला बदलतच नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो.

दगडावरच्या तारखेलाही वाचायची रीत असते. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव असलेला संस्कृत शिलालेख आहे. त्यात शक आकड्यांत नाही, ‘षण्णवबाणभूमि’ असा शब्दांत आहे. षट् सहा, नव नऊ, बाण पाच, कारण मदनाचे बाण पाच, आणि भूमी एक. सरळ वाचलं तर ६९५१. पण असे आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात, म्हणजे १५९६. राज्याभिषेकाचाच शक. मोडीतल्या ‘सलास सबैन मया व अलफ’मध्येही एकं आधी येतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुरुवातीच्या काळात माझी जी चूक होत असे ती अगदी साधी होती. शकात ७८ मिळवायचे हे पाठ होतं, आणि पौष-माघातल्या कागदांनाही मी तेच करत असे. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले की १७६० येतं आणि युद्ध एक वर्ष आधीच होऊन जातं. जानेवारी ते पाडवा या काळात ७९ मिळवावे लागतात, मग १४ जानेवारी १७६१ बसतं. सुहूर सनानेही पाहा: इहिदे सितैन मया व अलफ, ११६१. मृगाच्या अलीकडचा दिवस म्हणून ६०० मिळवायचे, पुन्हा १७६१. वार बुधवार, तोही जुळतो. तेव्हा ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की एका वाटेने काढलेली तारीख वहीत पेन्सिलने लिही, दुसऱ्या वाटेने तीच आली की शाईने. आजही माझ्या वहीत पेन्सिलच्या पुष्कळ तारखा आहेत.

विश्वास ठेवायचा तो या जुळण्यावर. शिवजन्माचा वाद तुम्हाला माहीत असेल. बखरी शके १५४९ कडे, म्हणजे १६२७ कडे बोट दाखवत होत्या. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असं आलं, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्या तारखेला गणिताने शुक्रवारच येतो. एकटा वार जुळणं ही मोठी गोष्ट नव्हे, सातात एकदा तो आपोआप जुळतो. पण शकावलीतल्या इतरही नोंदी अशाच तपासून उतरल्या, नंतर जोधपूरकडे मिळालेल्या कुंडलीनेही तेच साल दिलं, आणि शकावलीशी त्या कुंडलीचा काही संबंध नव्हता. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात तेव्हा इतिहासकार आपलं आधीचं मत सोडतो. अभिमान बाजूला ठेवून ते सोडावं लागतं, आणि या वादात अनेकांनी ते सोडलं.

आता पुन्हा तुमच्या कागदाकडे. वरच्या बाजूचा आणि शिक्क्याचा फोटो तिरप्या उजेडात काढा, म्हणजे शाई उडाली असली तरी दाब दिसतो. पाठीमागची बाजूही घ्या, तिथे बारनिशीची किंवा सुरू-सूदची, म्हणजे कागद दफ्तरात नोंदवल्याची, खूण असते आणि पुष्कळदा तिचाच हात पुढच्या मजकुरापेक्षा स्वच्छ असतो. ‘रबिलावल’ शब्द वेगळा मोठा करून पाठवा. कागदाला प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, घडी पडलेल्या जागी चिकटपट्टीही नको. सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात ठेवा.

तोवर पाकिटावर पेन्सिलने लिहा: ‘६ रबिलावल, सुहूर ११७३. ज्येष्ठ शुद्ध पक्ष, शके १६९४ किंवा १६९५. शिक्का वाचायचा आहे.’